न जुळणारे १३: सहभागींच्या प्रवाह-आकृतीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे हे प्रकरण आहे. विभाग, गावे आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील आणि अभ्यासातील सर्व आकडे बदलले आहेत. आकड्यांमधील परस्परसंबंध मात्र, म्हणजे कोणती बेरीज कोठे आणि कशामुळे चुकली हे, जसेच्या तसे ठेवले आहेत. या प्रकरणात माझा सहभाग संख्याशास्त्रीय सल्लागार म्हणून होता आणि तोही प्रबंधावरील लेखाचे हस्तलिखित नियतकालिकाकडून परत आल्यानंतरचा.

अभ्यासाचा विषय साधा होता. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील १६ उपकेंद्रांच्या हद्दीतील उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी, यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, पद्धतीने निवडलेल्या ८ उपकेंद्रांतील रुग्णांकडे आशा सेविका दरमहा गृहभेट देणार होत्या. उरलेल्या ८ उपकेंद्रांत नेहमीचे उपचार चालू राहणार होते. नोंदणी जानेवारी-फेब्रुवारीत झाली, सहा महिन्यांची मोजणी ऑगस्टमध्ये आली आणि बारा महिन्यांची पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत.

या भागातील कोणत्याही जाणत्या माणसाला या तारखा वाचूनच पुढचे चित्र दिसेल. जानेवारीत गळीत हंगाम भरात असतो, ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरलेल्या असतात आणि तपासणी शिबिराला त्या कुटुंबांतील माणसेही येतात. हंगाम संपला की ती आपापल्या जिल्ह्यात परततात. ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडू लागले, की नदीकाठच्या गावांतील माणसे घरे बंद करून नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात जातात. त्या वर्षीही असेच झाले. अभ्यासातील माणसांची ये-जा या दोन कारणांनी ठरली, आणि आकृतीत नेमकी तीच ये-जा दाखवायची होती.

समस्या

यादृच्छिक चाचण्यांच्या अहवालासाठी कन्सॉर्ट ही मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून वापरात आहेत; २००१, २०१० आणि २०२५ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. नोंदणी, गटवाटप, पाठपुरावा आणि विश्लेषण अशा चार टप्प्यांत किती माणसे होती व किती, कोणत्या कारणाने गळाली, हे दाखवणारी प्रवाह-आकृती हा या तत्त्वांचा सर्वांत परिचित भाग आहे. विद्यार्थिनीने ही आकृती सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोकी आणि बाण ओढून हाताने तयार केली होती. आकडे नोंदवहीतून आणि वेगवेगळ्या एक्सेल फायलींतून घेतले होते.

नियतकालिकाच्या परीक्षकाने या आकृतीवर तीन शंका काढल्या. सर्वांत वरच्या खोक्यात १,१२४, वगळलेल्यांच्या खोक्यात २७१ आणि समाविष्ट झालेल्यांच्या खोक्यात ८४० असे आकडे होते. १,१२४ मधून २७१ वजा केले तर ८५३ उरतात, मग १३ माणसे कोठे गेली? दुसरी शंका अधिक बोचरी होती: गृहभेट गटात सहा महिन्यांच्या खोक्यात ३५१ आणि त्याखालच्या बारा महिन्यांच्या खोक्यात ३६७, म्हणजे खाली येताना माणसे वाढली कशी? तिसरी शंका अशी, की वाटप उपकेंद्रांचे झाले असताना आकृतीत उपकेंद्रांचा उल्लेखच नाही. समूह-यादृच्छिक, म्हणजे व्यक्तींऐवजी अख्ख्या समूहांचे वाटप करणाऱ्या, चाचण्यांसाठी कन्सॉर्टची स्वतंत्र पुरवणी २००४ मध्ये आली आणि २०१२ मध्ये ती सुधारली गेली. समूह आणि व्यक्ती या दोन्हींची संख्या प्रत्येक टप्प्यावर द्यावी, अशी तिची अपेक्षा आहे.

मार्गदर्शकांची पहिली सूचना स्वाभाविक होती. ती १३ नावे शोधावीत, आकृतीत एक ओळ वाढवावी आणि हस्तलिखित परत पाठवावे. विद्यार्थिनी नोंदवह्या घेऊन बसली आणि बरेच दिवस बसली, पण अशी १३ माणसे तिला सापडली नाहीत. ती सापडणे शक्यच नव्हते, हे पुढे स्पष्ट झाले.

आकडा कशाचा होता

विभागात झालेल्या पहिल्या बैठकीत आम्ही आकृती बाजूला ठेवली आणि मूळ नोंदी उघडल्या. वरच्या खोक्यातील १,१२४ हा आकडा माणसांचा नव्हता. तो नोंदवहीतील ओळींचा होता. शिबिरात नाव नोंदवलेली व्यक्ती पुढच्या आठवड्यात उपकेंद्रात आली, की तिची नवी ओळ पडत असे, आणि ‘आक्काताई’ व ‘अक्काताई’ अशा दोन लेखनांमुळे संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटत. वय, गाव आणि मोबाइल क्रमांक ताडून पाहिल्यावर ३८ ओळी दुबार निघाल्या. खरी माणसे १,०८६ होती.

वगळण्याच्या कारणांत उलटा प्रकार होता. तालुक्यात कायम वास्तव्य नसणे ७१, गरोदरपण किंवा गंभीर आजार २४, दुसऱ्या मोजणीत रक्तदाब मर्यादेपेक्षा कमी ११८ आणि संमती न देणे ५८ अशी यादी होती आणि तिची बेरीज २७१ येत होती. परंतु नोंदवहीत एकाच ओळीसमोर ‘परजिल्ह्यातील, तयारही नाही’ असे शेरे होते, म्हणजे एकच माणूस दोन कारणांखाली मोजला गेला होता. अशी २५ माणसे होती. प्रत्यक्षात वगळलेली माणसे २४६ होती आणि १,०८६ मधून २४६ गेल्यावर बरोबर ८४० उरत होते.

म्हणजे परीक्षकाने पकडलेला १३ चा फरक हा ३८ ची वाढ आणि २५ ची वाढ एकमेकींत वजा होऊन उरलेला होता. दुबार ओळी योगायोगाने २५ च असत्या, तर वजाबाकी बिनचूक जुळली असती, शंका कोणीही काढली नसती आणि आकृती दोन ठिकाणी चुकीची असूनही छापली गेली असती. बेरीज जुळणे हा आकृती बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हे मार्गदर्शकांना पटले ते याच टप्प्यावर, आणि तेथून चर्चेचा रोख ‘आकृती दुरुस्त कशी करायची’ यावरून ‘आकृती कशातून काढायची’ याकडे वळला.

विचारात घेतलेले पर्याय

आकृती हातानेच दुरुस्त करण्याचा पर्याय अखेरपर्यंत समोर होता आणि तो हास्यास्पद मुळीच नव्हता. खोकी तयार होती, आता बरोबर आकडेही हाती आले होते आणि मुदत जवळ येत होती. अडचण एवढीच, की बारा महिन्यांच्या नोंदींची पडताळणी अजून चालू होती. एका नोंदीचे वर्गीकरण बदलले की चार-पाच खोक्यांतील आकडे बदलणार आणि प्रत्येक वेळी कोणीतरी एक खोके विसरणार.

विश्लेषण आर या संगणकीय भाषेत झालेले असल्याने आकृतीही तेथेच काढावी, हे ठरायला वेळ लागला नाही. स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्येही प्रवाह-आकृतीसाठी वापरकर्त्यांनी लिहिलेली आज्ञा मिळते, पण ती लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीच्या मार्गाने आकृती घडवते आणि विभागात लाटेक वापरणारे कोणी नव्हते. आरमध्ये दोन वाटा होत्या. कन्सॉर्ट नावाच्याच पॅकेजला (आरमध्ये जोडता येणाऱ्या तयार आज्ञांच्या संचाला) व्यक्तिनिहाय तक्ता दिला, की ते आकडे स्वतः मोजते आणि ठरावीक साच्यात आकृती काढून देते. सरळ, एका दिशेने गळत जाणाऱ्या चाचणीसाठी मी आजही आधी तेच सुचवतो. दुसरी वाट डायग्रामर या पॅकेजची होती. ते ग्राफविझ या जुन्या आणि भक्कम आकृती-यंत्रणेच्या डॉट भाषेत लिहिलेले वर्णन घेते: खोकी कोणती आणि बाण कोठून कोठे एवढे आपण सांगायचे, मांडणी यंत्रणेने ठरवायची. येथे समूहांची संख्या आणि परत आलेली माणसे दोन्ही दाखवायची असल्याने ठरावीक साचा अपुरा पडेल, असे आम्हाला वाटले आणि डायग्रामर निवडले.

सॅन्की पद्धतीच्या, प्रवाहाची जाडी माणसांच्या संख्येनुसार दाखवणाऱ्या आकृतीचाही विषय निघाला. कॅप्टन सॅन्की यांनी १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातील ऊर्जेचा हिशेब दाखवण्यासाठी अशी आकृती वापरली होती आणि आज ती फार लोकप्रिय आहे. येथे मात्र वाचकाला नेमका आकडा आणि कारण वाचायचे असते, पट्ट्याची जाडी पाहायची नसते, म्हणून ती कल्पना लवकरच मागे पडली.

केलेली कार्यवाही

ताळेबंद कोणी थेट लिहीत नाही, तो रोजकीर्दीवरून काढावा लागतो. येथेही आधी रोजकीर्द तयार केली. एका माणसाची एकच ओळ असलेला तक्ता बनवला आणि त्यात उपकेंद्र, गट, वगळण्याचे कारण, प्रत्येक भेटीची स्थिती आणि अभ्यासातून कायमचे बाहेर पडल्याचे कारण असे स्तंभ ठेवले. आकृतीतील प्रत्येक आकडा या तक्त्यातून मोजूनच यायचा, हाताने एकही आकडा टंकायचा नाही, असा नियम केला.

दोन कारणे असलेल्या माणसाला कोणत्या कारणाखाली धरायचे, हा पहिला खरा निर्णय होता. मोठ्या कारणाला प्राधान्य द्यावे, अशी एक सूचना होती. आम्ही ती नाकारली आणि आराखड्यात तपासणीचा जो क्रम लिहिला होता तोच घेतला: आधी वास्तव्य, मग गरोदरपण किंवा आजार, मग रक्तदाब, शेवटी संमती. माणूस ज्या दारात प्रथम अडला, ते त्याचे कारण. आरमधील केस-व्हेन हे फलन अटी वरून खाली तपासते आणि पहिली खरी ठरलेली अट घेऊन थांबते, त्यामुळे हा क्रम जसाच्या तसा लिहिता आला.

येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. तक्त्यातून मोजलेली समाविष्टांची संख्या ८४० ऐवजी ८४६ आली. सहा जणांचा दुसरा रक्तदाब नोंदलेलाच नव्हता. रिकाम्या जागेची मर्यादेशी तुलना केली की आरमध्ये उत्तर खरेही येत नाही आणि खोटेही येत नाही, ते अज्ञात राहते. केस-व्हेन अशी अट ओलांडून पुढे जाते आणि सर्व अटींतून निसटलेला माणूस शेवटच्या ‘अन्यथा समाविष्ट’ या ओळीत जाऊन पडतो. कागदी नोंदवहीत या सहा जणांसमोर ‘दुसऱ्यांदा आले नाहीत’ असा शेरा होता आणि हाताने काढलेल्या आकृतीत त्यांना ‘रक्तदाब कमी’ या ११८ जणांतच टाकले होते. ते खरे नव्हते, कारण त्यांचा रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता. त्यांच्यासाठी स्वतंत्र ओळ केली. अंतिम आकृतीत वगळलेले २४६ असे विभागले गेले: वास्तव्य नाही ७१, गरोदरपण किंवा आजार २१, रक्तदाब कमी ९८, दुसरी मोजणी झाली नाही ६, संमती नाही ५०.

दुसरा निर्णय परत आलेल्या माणसांचा होता आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील तोच सर्वांत महत्त्वाचा होता. गृहभेट गटातील ४१२ पैकी ६१ जण सहा महिन्यांच्या भेटीत मिळाले नव्हते. त्यांना एकत्र ‘अनुपस्थित’ म्हणून बाजूच्या खोक्यात टाकले होते आणि त्यांपैकी ३४ जण बारा महिन्यांनी हजर झाले, म्हणून खालचा आकडा फुगला होता. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मृत्यू, कायमचे स्थलांतर आणि संमती मागे घेणे यांना बाहेर पडणे मानले. त्यांचे खोके बाजूला आणि ती माणसे पुन्हा आत नाहीत. भेट चुकली पण माणूस अभ्यासातच आहे, अशांची संख्या मुख्य खोक्याच्या आतच लिहिली. त्यामुळे गृहभेट गटात सहा महिन्यांना अभ्यासात ३९४, त्यांपैकी मोजणी झालेले ३५१ आणि भेट चुकलेले ४३. बारा महिन्यांना अभ्यासात ३८५, मोजणी झालेले ३६७ आणि भेट चुकलेले १८ असा क्रम तयार झाला. अभ्यासातील माणसे आता खाली येताना कमीच होत होती, आणि मोजणी झालेली माणसे का वाढली हेही त्याच खोक्यात वाचता येत होते.

हा भेद करताना नोंदवहीतील शेरे पुन्हा वाचावे लागले. ऑगस्टच्या पानांवर अनेक ठिकाणी ‘पाणी आले, घर बंद, पाव्हण्याकडे गेली’ असे लिहिलेले होते. संगणकात नोंद भरणाऱ्याने त्यातील काहींना ‘स्थलांतरित’ असे सांकेतिक चिन्ह दिले होते. पुरामुळे काही आठवडे पाव्हण्याकडे गेलेली बाई स्थलांतरित होत नाही. पाणी ओसरले की ती घर धुवायला परत येते. आशा सेविकांना हे विचारायचीही गरज पडली नसती, इतके ते उघड होते. तरीही प्रत्येक शंकास्पद नोंद त्यांना दाखवूनच बदलली आणि बदल कोणी, कोणत्या आधारावर केला याचा स्वतंत्र स्तंभ ठेवला.

आकृतीचे प्रत्यक्ष रेखाटन त्या मानाने किरकोळ काम होते, पण नवख्याचा बराच वेळ तेथेच जातो. ग्राफविझ खोकी वरून खाली नीट रचते. वगळलेल्यांचे खोके उभ्या बाणाच्या मध्यातून आडवे फुटले पाहिजे, हे मात्र त्याला सहज समजत नाही. त्यासाठी दोन मुख्य खोक्यांच्या मध्ये शून्य आकाराचा अदृश्य बिंदू ठेवावा लागतो, वरच्या खोक्यापासून बिंदूपर्यंतच्या रेषेचे टोक काढून टाकावे लागते आणि बिंदू व बाजूचे खोके एकाच पातळीवर बांधावे लागतात. कारणांची यादी डावीकडून सुरू व्हावी म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी नेहमीच्या एन ऐवजी उलट्या तिरक्या रेघेनंतर एल लिहावे लागते, नाहीतर सर्व ओळी मध्यावर येतात आणि आकडे एकाखाली एक वाचता येत नाहीत. रेषा काटकोनात हव्या असतील तर तशी सोय आहे, पण त्या पद्धतीत रेषेवर मजकूर लिहिता येत नाही. आम्हाला त्याची गरज नव्हती.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला द्यायच्या सारांशासाठी हीच आकृती मराठीत काढताना मजकूर खोक्यांबाहेर सांडू लागला. डायग्रामर खोक्याची रुंदी अक्षरांच्या अंदाजी मापावरून ठरवते आणि देवनागरीसाठी तो अंदाज चुकतो. खोक्यांची किमान रुंदी हाताने ठरवून दिली, देवनागरी टंकाचे नाव स्पष्ट लिहिले आणि आकृती एसव्हीजी या रेषाधारित चित्र-स्वरूपात काढून मगच तिचे पीडीएफ केले, तेव्हा जोडाक्षरेही नीट आली.

शेवटी काही तपासण्या लिहिल्या: वरच्या खोक्यातील संख्या ही खालच्या आणि बाजूच्या खोक्यांच्या बेरजेइतकी नसेल, किंवा एकच ओळख क्रमांक दोनदा आला असेल, तर आज्ञावली तेथेच थांबेल आणि आकृती निघणारच नाही.

निष्पत्ती

सुधारित आकृतीत वाटपाच्या खोक्यांत ८ उपकेंद्रे व ४१२ व्यक्ती, ८ उपकेंद्रे व ४२८ व्यक्ती असे दोन्ही आकडे आले. विश्लेषण मूळ वाटपानुसार, म्हणजे सर्व ८४० जणांना धरूनच केलेले असल्याने शेवटच्या खोक्यांत तेच आकडे राहिले. आकृती पाठवण्यापूर्वी पडताळणीतून काही नोंदी बदलल्या, तेव्हा आज्ञावली पुन्हा चालवण्यापलीकडे काही करावे लागले नाही. परीक्षकाच्या तिन्ही शंका मिटल्या.

मात्र नव्या आकृतीने एक नवा प्रश्न उघडा केला. बारा महिन्यांना अभ्यासात असूनही भेट चुकलेले गृहभेट गटात १८ आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४० होते. जुन्या आकृतीत हे सर्व मृत्यू व स्थलांतरासह एकाच ‘अनुपस्थित’ शब्दाखाली झाकले गेले होते. आशा सेविका दरमहा घरी जात असल्याने त्या गटातील माणूस पूर ओसरल्यावर कोठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असे. दुसऱ्या गटात ते कोणालाच ठाऊक नसे. उपचारांचा परिणाम आणि माणूस सापडण्याची शक्यता ही दोन्ही एकाच गृहभेटीवर अवलंबून असतील, तर न मोजलेल्या माणसांचा रक्तदाब मोजलेल्यांसारखाच असेल असे गृहीत धरणे धाडसाचे ठरते. दुसऱ्या फेरीत परीक्षकाने नेमके हेच विचारले. न मोजलेल्यांचा रक्तदाब मोजलेल्यांपेक्षा निरनिराळ्या प्रमाणात अधिक असल्याचे मानून विश्लेषण पुन्हा केले. परिणामाची दिशा टिकली, आकार कमी झाला, आणि लेखाच्या निष्कर्षातील भाषा त्यानुसार सौम्य केली. मार्गदर्शकांना हा बदल फारसा रुचला नाही, पण त्यांनी तो मान्य केला.

वेगळे काय करता आले असते

नोंदणी सुरू होण्यापूर्वीच आकडे रिकामे ठेवून ही आकृती काढली असती, तर कोणते स्तंभ लागतील हे त्याच दिवशी कळले असते. वगळण्याच्या अर्जावर सर्व कारणांसमोर खुणा करण्याऐवजी ‘पहिले कारण’ असा एकच रकाना ठेवता आला असता. ‘भेट झाली नाही’ यासाठी पूर, तात्पुरते बाहेरगावी आणि कायमचे स्थलांतर असे वेगळे पर्याय देता आले असते. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावांत भेट ठरवताना हे सुचायला हवे होते. सहा महिन्यांची मोजणीच सप्टेंबरअखेर ढकलावी का, यावर मात्र आमच्यात एकमत झाले नाही: मार्गदर्शकांच्या मते त्यामुळे पावसाळ्यात औषधे खंडित होण्याचा परिणाम दिसलाच नसता, आणि हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

साधनाच्या निवडीबद्दल मी थोडा साशंक आहे. आता मागे पाहता, व्यक्तिनिहाय तक्ता तयार झाल्यानंतर कन्सॉर्ट पॅकेजमधून पहिला मसुदा काढून, केवळ अंतिम प्रतीसाठी डायग्रामर वापरले असते तर अदृश्य बिंदूंशी झगडण्यात गेलेला वेळ शेरे वाचण्यासाठी मिळाला असता. विभागातील पुढच्या प्रबंधासाठी विद्यार्थिनीने तक्त्याचा रिकामा साचा आणि तपासण्यांची आज्ञावली वेगळी काढून ठेवली आहे. रेखाटनाचा भाग तिने त्यात मुद्दाम घातलेला नाही.